अण्णांनी शब्द टाकला

"सर, एकदाच विचारते, खरं सांगा. तुम्ही अजून कुणाला होकार दिलाय का?"

फोनवर एजन्सीच्या पूर्णिमाचा आवाज रोजच्यासारखा गोड नव्हता. धम्मदीप ओव्हाळ इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर उभा होता, हातावर दोन शर्ट. सोमवारी बँकेत रुजू व्हायचं, म्हणून बायकोने, शर्मिलाने सकाळीच त्याला पिटाळलं होतं.

"कसला होकार?"

"अहो, बँकेच्या पोर्टलवर तुमचं नाव दोनदा आलंय. एक आमच्याकडून, एक दुसऱ्या कुठल्यातरी एजन्सीकडून. सेम मोबाइल, सेम पॅन. सिस्टिमने होल्डवर टाकलंय."

"मी फक्त तुम्हालाच मेल केली होती. लेखी."

"तेच मी वर सांगितलं. पण ते म्हणतात, तुमच्या भांडणात आम्हाला पडायचं नाही. आज चारपर्यंत क्लिअर झालं नाही, तर दोन्ही प्रोफाइल रिजेक्ट. कुणी केलं ते शोधा, सर. मार्केट काय आहे, तुम्हाला माहितीये."

कंत्राटी आयटीचा धंदा मोठा गमतीचा. बँकेला एक माणूस हवा असतो. बँक ते एका बड्या कंपनीला सांगते, ती दहा एजन्सींना सांगते, आणि त्या दहाही जणी बाजारात जाळी टाकून बसतात. एकच मासा दोघींच्या जाळ्यात सापडला, की कमिशन कुणाचं यावरून जुंपते. बँकेने त्यावर सोपा तोडगा काढलाय, मासाच फेकून द्यायचा. म्हणून माणसाने एकाच एजन्सीला लेखी होकार द्यायचा आणि मग दुसरं कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी तोंड मिटून बसायचं. धम्मदीपला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. वयाची पंचेचाळिशी उलटेपर्यंत तो कंत्राटांवरच जगत आला होता. हे संपलं की ते.

मागच्या दिवाळीआधी हे संपलं आणि ते काही आलं नाही. बँकांची जुनी सॉफ्टवेअरं तपासण्यात त्याचा हातखंडा, पण आता मुलाखतीत पोरसवदा माणसं म्हणायची, 'सर, तुमचा अनुभव जरा जास्तच आहे,' आणि ते असं म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याला काही आजारच आहे. घर शर्मिलाच्या लॅबमधल्या पगारावर चाललं होतं. मुलीची, पूर्वाची बारावी झाली होती, पुढे कॉलेज. एका रात्री शर्मिला इतकंच म्हणाली होती, "हा फ्लॅट भाड्याने देऊन येरवड्याच्या जुन्या खोलीत जायचं का?" मग या बँकेचं काम आलं, तो सगळ्या मुलाखतींतून पार पडला, आणि घरातली माणसं पुन्हा मोठ्याने बोलायला लागली.

त्याचा पहिला संशय श्रीधरवर गेला. जुन्या प्रोजेक्टमधला मित्र, तोही घरीच बसलेला.

"माझा बायोडाटा तू कुणाला दिलास?"

"मला स्वतःला कुणी फुकट घेत नाही," श्रीधर म्हणाला, "तुला कुठे विकू? ठेवतो." आणि त्याने खरंच फोन ठेवला. धम्मदीपला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

तेवढ्यात पूर्णिमाचा मेसेज आला. दुसऱ्या एजन्सीचं नाव होतं विश्वजीत एंटरप्रायझेस, वाघोली.

त्या नावाची पाटी तो येता-जाता बघायचा. सिक्युरिटी गार्ड, हाउसकीपिंग, पाण्याचे टँकर, आणि त्याखाली नव्या रंगात आयटी मॅनपॉवर. शर्ट स्कूटरच्या हुकाला अडकवून तो निघाला. संताप नुसता डोक्यात भिनला होता. आपला नंबर चोरणारा माणूस समोर आला की त्याला काय काय सुनवायचं, ते त्याने रस्ताभर जुळवून ठेवलं.

ऑफिस म्हणजे दोन गाळे. एकेकाळी तिथे विश्वजीतच्या घरची ज्वारी उभी असायची. स्वतः विश्वजीत तिशीतला, गळ्यात सोन्याची साखळी, आणि धम्मदीपला बघताच तो खुर्चीतून उठला.

"या, या साहेब! दशरथकाकांचे धम्मदीप ना तुमी? फोटो हाय की बायोडाट्यावर. बसा. आलं का बँकेचं बोलावनं?"

रस्ताभर जुळवलेलं सगळं बाजूलाच राहिलं.

"अण्णा आले होते इथे?"

"आवं, परवा. सकाळी बागेत आमच्या आबांसंगं फिरत्यात ना ते. पिशवीत बायोडाटा, पॅनकार्डाची झेरॉक्स, समदं घेऊन आले. मी म्हनलं बसा, तर बसंनात. उभ्यानंच बोलले. हात जोडले राव, माझ्यासारख्या पोराला! लाजल्यागत झालं मला. म्हनले, आजवर कुनाकडं शब्द टाकला न्हाय, पोरासाठी टाकतो. तुमचे वॉचमन त्या बँकेत हायत, तेवढं नाव सुचवा. आता बँकेला आयटीची मानसं द्यायच्या यादीत आमचं बी नाव लागलंय. म्हनलं, काकांचं काम, आजच करतो. एक पैसा घेनार न्हाय."

धम्मदीप खुर्चीत बसला.

अण्णांनी, त्याच्या वडिलांनी, उभी नोकरी टेलिफोन खात्यात काढली. घरी फोन हवा तर वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तो काळ. लोक संध्याकाळी दारात यायचे, 'साहेबांच्या कानावर घाला' म्हणायचे, पेढ्यांचा पुडा पुढे करायचे. अण्णा पुडा परत द्यायचे आणि सांगायचे, "रांगेत आपला नंबर आला की उठायचं. तोवर बसायचं." स्वतःची बदली नाशिकला झाली तेव्हा ते कुणाला भेटले नाहीत. धम्मदीपला इंजिनिअरिंगला राखीव जागेवर प्रवेश मिळाला आणि शेजारी काहीबाही बोलले, तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "नंबर आपला होता. मागितला नाही." तो माणूस इथे, या गाळ्यात, टँकरच्या बिलांसमोर हात जोडून उभा राहिला होता. त्यांच्या जमान्यात दोघांनी नाव सुचवलं की वजन पडायचं. त्यांनी आपल्या परीने मुलाचं वजन वाढवलं होतं.

त्यांचा राग यावा की रडू, हेच धम्मदीपला कळेना. त्याने विश्वजीतला शांतपणे सगळं समजावून सांगितलं.

विश्वजीतचं तोंड उतरलं. "आयला. मला ह्यो नियमच ठावा न्हवता." त्याने लगेच फोन लावला, पलीकडच्या माणसाशी दोनदा आवाज चढवला, आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"नाव मागं घेता येतंय. पर लिवून द्यायला लागंल. उमेदवाराला न इचारता नाव टाकलं, असं. मग तुमचं नाव मोकळं हुईल आन् माझं यादीतनं जाईल."

"तुमचं नुकसान होईल."

"त्याचं काय न्हाय हो. टँकर हायत, गार्ड हायत. देतो लिवून." त्याने लेटरहेड ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबला. "पर साहेब, मी इचारलं व्हतं. म्हनलं, काका, साहेबांना ठावं हाय ना? तर म्हनले, हाय, त्याला इचारूनच आलोय." त्याने मान वर केली. "इचारलं न्हवतं व्हय त्यांनी?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

नाही, एवढंच म्हणायचं होतं. खरं तेच होतं. नाही म्हटलं की पेन चाललं असतं, सोमवारी बँकेत कार्ड गळ्यात पडलं असतं, येरवड्याची खोली बंदच राहिली असती. आणि विश्वजीत भला माणूस, तो कुणाला मुद्दाम काही बोलला नसता. पण घरी आबांशी तरी बोललाच असता. मग उद्या सकाळी बागेत सगळे म्हातारे बाकावर सरकून अण्णांना जागा देतील, आणि एकाला तरी माहीत असेल, की हा हात जोडून खोटं बोलून गेला. अण्णांनी उभ्या जन्मात एकदाच मागितलं, एकदाच खोटं बोलले, आणि दोन्ही त्याच्यासाठी.

"विचारलं होतं," धम्मदीप म्हणाला. "जेवताना विचारलं होतं त्यांनी. माझं लक्ष मोबाइलमध्ये. हो म्हणून बसलो आणि विसरलो. चूक माझी आहे."

"तरीच!" विश्वजीतच्या छातीवरचं ओझंच उतरलं. "म्हनलं, काका असं करनार न्हाईत." मग त्याला पुढचं उमगलं. "पर मग असं लिवता येनार न्हाय की."

"नाही येणार."

विश्वजीतने चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. चहा फार गोड होता. धम्मदीपने तो सगळा संपवला.

स्कूटरपाशी आल्यावर त्याने पूर्णिमाला फोन केला. "होकार मीच दिला होता. विसरलो."

"सर, तुमच्यासारख्या सीनियर माणसाने..." तिने वाक्य अर्धंच सोडलं. "आमच्याकडेही आता नावापुढे रिमार्क पडेल. माझ्या हातात नाहीये ते. सॉरी."

"तुम्ही खूप केलंत," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

जिना चढताना त्याला पॉलिशचा वास आला. दाराबाहेर वर्तमानपत्र पसरून अण्णा पाटावर बसले होते. एका हातात धम्मदीपचा काळा बूट, दुसऱ्यात ब्रश. दुसरा बूट बाजूला ठेवलेला, चकचकीत. टेलिफोन खात्यातल्या नोकरीत रोज सकाळी ते स्वतःचे असेच करायचे.

धम्मदीप शर्ट घेऊन शेजारच्या पायरीवर बसला. काय सांगायचं ते त्याने ठरवलं होतं. बँकेनेच जागा रद्द केली म्हणायचं.

"विश्वजीतचा फोन आला होता," अण्णा म्हणाले. ब्रश चालूच होता. "काम गेलं म्हणाला."

"हो."

"एकाच वेळी दोघांकडून नाव गेलं की जातं म्हणे."

"हो, अण्णा. नियम आहे तसा."

"मी तुला विचारलं होतं म्हणे. जेवताना."

ब्रश थांबला. अण्णांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. धम्मदीपने नजर हलवली नाही.

"विचारलं होतंत. मागच्या रविवारी. माझ्याच डोक्यातून गेलं."

जिन्यात कुणाचातरी कुकर ऐकू येत होता. खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी येरवडा एक्स्चेंजमधल्या जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर अण्णांना अजून तोंडपाठ होते. पूर्वा त्यावरून त्यांची परीक्षा घ्यायची.

"असेल," अण्णा म्हणाले. "वय झालं. लक्षात राहत नाही आता."

त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. मग चकचकीत झालेला दुसरा उचलला, त्यावर पुन्हा थोडं पॉलिश लावलं, आणि खाली मान घालून ते ब्रश मारत राहिले.