सुबिलागाच्या खाचरातला समन्वय

सुबिलागाचं भाताचं रोप म्हातारं व्हायला लागलं होतं. तरव्यातल्या रोपांची टोकं पिवळी पडली होती, आणि शेजारणी येता-जाता विचारत होत्या, "काय गं, तरव्यातच कापणी करायचा विचार आहे का?"

विचार तसा काही नव्हता. सोंग्वे नदीच्या या काठावर भाताची लावणी कुणी एकटीने करत नाही. बायकांची टोळी असते, आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. बाकी सगळ्यांची खाचरं उरकली होती. सुबिलागा टोळीची म्होरकी, म्हणून रीतीप्रमाणे तिचं खाचर शेवटी. आणि टोळी तिच्या चिखलात उतरली रे उतरली, की गावप्रमुख म्वाकाबांगाचा ढोल वाजायचा.

ढोल म्हणजे पाहुणे, आणि पाहुणे म्हणजे नाच. नाचणाऱ्या बायकाही याच, आणि पहिला सूर लावायचा तोही सुबिलागानेच.

नदीच्या दोन्ही काठांचा, म्हणजे मलावी आणि टांझानिया दोघांचा मिळून विकास करायला परदेशी संस्था आल्या होत्या. त्यांची खरी नावं फार लांब होती. गावाने कामावरून आपलीच नावं पाडली होती: पूरवाले, बियाणेवाले, संडासवाले, हवामानवाले आणि सीमावाले. सीमावाले नेमकं काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यांची गाडी सगळ्यांत मोठी होती. प्रत्येकाने बायकांना आपापलं चित्र छापलेलं चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं फडकं, दिलं होतं. ज्याची गाडी येईल त्याचं फडकं कमरेला गुंडाळायचं आणि त्याच्याच नावाचं गाणं म्हणायचं, असा दस्तूर पडला होता.

त्या दिवशीही रोपांची पहिली जुडी सुटली आणि ढोल वाजला.

"कोण आलंय?" टोळीतल्या, शेजारीच वाकलेल्या तुसेकिलेने विचारलं.

"संडासवाले."

"परवाच तर येऊन गेले की."

"परवा संडास बघायला आले होते. आज संडास बघून काय वाटलं ते विचारायला आलेत."

"मग सांग ना त्यांना, बरं वाटलं म्हणून. आम्ही इथूनच ओरडतो."

पण तसं चालत नव्हतं. बायकांनी पाय धुतले, फडकी बदलली आणि जाऊन नाचल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यातला एकजण दोन पावलं नाचलाही, आणि ते निघून गेले. तोवर ऊन कलंडलं होतं.

सुबिलागा तशीच म्वाकाबांगाच्या ओसरीवर गेली.

"बाबा, मला एक दिवस द्या. एकच. ढोल वाजवू नका."

म्वाकाबांगा केळं सोलत होता. "आणि कोणी आलं तर?"

"तुम्ही नाचा."

"पलीकडच्या गावात एकदा बायका कापणीला गेल्या आणि पाहुणे नाचाविना परतले. 'लोकसहभाग कमी' म्हणून गाव बाद झालं. तिथला पूल आज कुठेय?"

"पूल तर आपल्याकडेही नाही, बाबा."

"नाही. पण आपण बाद झालेलो नाही," म्वाकाबांगा म्हणाला आणि अर्धं केळं तिच्या पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी ती मिनीबसने जिल्ह्याच्या गावी, बोमात गेली. तिथल्या सरकारी कचेरीत समन्वय अधिकारी कायिरा बसत. बरीच वर्षं बसून होते. समन्वय करा म्हणून आजवर कोणीच आलं नव्हतं.

"साहेब," सुबिलागा म्हणाली, "तुमच्या त्या सगळ्या संस्थांना सांगा, रोज एकेकटं नका येऊ. एकदाच काय ते सगळे मिळून या. आम्ही पोटभर नाचतो. मग आम्हाला लावणी करू द्या."

कायिरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे पाणावले होते. "मावशी, ही मागणी तळागाळातून आलीय हे तुमच्या लक्षात येतंय का?"

"खाचरातून आलीय, साहेब."

"तेच ते."

बातमी वर गेली. सगळ्या संस्थांना आनंद झाला. गावालाच समन्वय हवा असल्याचं पहिल्यांदा उघड झालं होतं. मात्र एवढी मोठी गोष्ट नुसती ऐकून कशी मानायची? म्हणून खात्री करून घ्यायला प्रत्येक संस्था स्वतंत्रपणे गावात आली. पूरवाले आले, बियाणेवाले आले, हवामानवाले दोनदा आले. शिवाय या सगळ्यांना एकत्र आणायला एक नवीच संस्था निघाली. तिची नवीकोरी गाडी आली आणि तिचं नवं फडकंही आलं. हे समन्वयवाले. त्यांच्यासाठी नवं गाणं रचावं लागलं.

"आधी पाच होते," तुसेकिले म्हणाली. "तू बोमात जाऊन सहा केलेस. आता पुन्हा जाऊ नकोस बाई."

सुबिलागा तरव्याकडे बघत होती. रोपांना आता गाठी धरायला लागल्या होत्या. अजून थोडे दिवस गेले असते, तर ती जनावरांपुढे टाकावी लागली असती, आणि वर्षभर घरात कसाव्याच्या कंदाच्या पिठावर भागवावं लागलं असतं. तिच्या नवऱ्याला कसावा पचत नव्हता आणि तो ते बोलून दाखवायचा.

शेवटी सामायिक भेटीचा दिवस ठरला. ठरला, पण तो ठरवताना कायिरांचा जीव बोमातच अर्धा झाला. कारण गावाचा रस्ता एकेरी, आणि पुढे कोणाची गाडी राहणार यावर बैठका अडल्या. पूरवाले म्हणाले, आम्ही सगळ्यांत जुने. सीमावाले म्हणाले, आमची गाडी मोठी, मागून पुढचं दिसत नाही. समन्वयवाले म्हणाले, पुढे राहण्यासाठीच तर आम्हाला काढलंय. तोडगा कायिरांनी काढला: शाळेच्या फुटबॉलच्या मैदानापर्यंत कसंही या, पण मैदानात शिरताना सहाही गाड्या शेजारी शेजारी, एका ओळीत, एकाच चालीने. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.

बायकांनी काय नेसायचं हाही प्रश्न होताच. म्वाकाबांगाने न्याय केला: सगळ्यांचंच नेसायचं. त्यामुळे त्या सकाळी बायका एकावर एक सहा फडकी गुंडाळून उभ्या होत्या. पाय उचलायला जागा नव्हती. वळायचं झालं तर आख्खी बाई वळवावी लागत होती.

"कणसासारखं वाटतंय," तुसेकिले म्हणाली. "कोणीतरी मला सोला."

गाड्या आल्या. मैदानाच्या टोकाला थांबून त्यांनी ओळ धरली आणि मग सहाही एकदम निघाल्या. दृश्य खरोखर देखणं होतं. सुबिलागाने तोंडाशी हात नेऊन लांबलचक लुलुकार दिला. मैदान पाच गाड्यांना पुरेसं रुंद होतं.

उजव्या टोकाला सीमावाले होते. मैदानाला लागून सुबिलागाचं खाचर, चिखलणी करून, पाणी धरून तयार होतं. सीमावाल्यांच्या ग्वामाका नावाच्या ड्रायव्हरला ते दिसलं, पण त्याला ओळ सोडायची नाही अशी सक्त ताकीद होती. त्याने ओळ सोडली नाही. गाडी बांधावरून सरळ खाचरात उतरली, मध्यापर्यंत गेली आणि दारापर्यंत बसली. शेजारचे पूरवाले ओळ राखायला तिच्या अंगाने सरकले आणि तेही उतरले. पुराचं काम करणाऱ्यांची गाडी असून ती गुडघाभर पाण्यात बंद पडली.

बायकांचा नाच चालूच होता. थांबा असं कोणी सांगितलं नव्हतं.

पाहुणे पँटी वर करून बाहेर आले. उरलेल्या चार गाड्यांना दोर होते, ओढायची चक्रं होती, सगळं होतं. पण एका संस्थेच्या गाडीने दुसऱ्या संस्थेची गाडी ओढायची नाही, असा प्रत्येकाचा नियम निघाला. ओढताना काही मोडलं तर ते कोणाचं मोडलं, हे ठरत नाही म्हणे.

"माझे बैल आहेत," म्वाकाबांगा म्हणाला.

"बैल कोणाच्या वतीने ओढतील?" समन्वयवाल्यांच्या बाईंनी विचारलं.

म्वाकाबांगाने बराच विचार केला. "बैल स्वतःच्या वतीने ओढतात," तो म्हणाला. पण ते मान्य झालं नाही.

तेव्हा कायिरांनी आंब्याखाली तातडीची बैठक बोलावली. आधी प्रार्थना झाली. मग सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली, कारण रीत तशी होती. मग गाडी ओढणे याचा अर्थ काय, यावर चर्चा सुरू झाली.

सुबिलागा घामाघूम होऊन कायिरांपाशी आली. "साहेब, बैठकीत नाच लागतो का?"

"बैठकीत? नाही मावशी. बैठकीत शांतता लागते."

"म्हणजे पाहुणे गावात आहेत आणि आम्ही मोकळ्या?"

"बैठक संपेपर्यंत."

"लवकर संपणार का?"

कायिरांनी आंब्याखाली एक नजर टाकली. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते.

बायकांनी सहाही फडकी सोडून बांधावर ठेवली, जुन्या वस्त्रात चिखलात उतरल्या आणि रोपाच्या जुड्या सोडल्या. सुबिलागाने लावणीचं गाणं धरलं, हळू आवाजात, बैठकीला त्रास नको म्हणून. गाड्या मध्येच होत्या, तर गाड्यांभोवतीनं लावत गेल्या. चाकांनी चिखल छान कालवून दिला होता. सीमावाल्यांच्या गाडीत ग्वामाका अजून बसून होता. त्याला उतरायला कोणी सांगितलं नव्हतं.

"दादा, पाय उचल," तुसेकिलेने उघड्या दारातून त्याला सांगितलं आणि पायरीच्या खाली चार रोपं खोवली.

बैठकीत जेवण झालं, चहा झाला. ऊन उतरता उतरता ठराव झाला: या एका वेळेपुरतं कोणीही कोणालाही ओढू शकतो. टाळ्या पडल्या. मंडळी दोर घेऊन खाचराशी आली आणि थांबली.

खाचर बांधापासून बांधापर्यंत हिरवं झालं होतं.

बियाणेवाल्यांचा माणूस पुढे झाला. "हे आमच्या बियाण्याचं रोप आहे," तो म्हणाला. "उभ्या पिकातून गाडी नेणं आमच्या धोरणात बसत नाही."

पूरवाल्यांनी पाहिलं, त्यांच्याही बसत नव्हतं. सीमावाल्यांच्या तर पहिल्याच पानावर होतं. हवामानवाले आणि संडासवाले यांचा पिकाशी संबंध नव्हता, तरी त्यांनीही मान डोलावली. सहा संस्थांचं कोणत्याही गोष्टीवर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती आणि कायिरांना पुन्हा चष्मा काढावा लागला. गाड्या कापणीपर्यंत जिथल्या तिथे राहतील असं ठरलं.

आता कोणी एकट्याने यायचं नाही हेही ठरलेलंच होतं. सगळे मिळून यायचं, तर दोघांच्या गाड्या इथे अडकलेल्या. त्यामुळे कोणीच आलं नाही. म्वाकाबांगाचा ढोल खुंटीला लागला. तो अधूनमधून मैदानाकडे जाऊन रस्ता बघून यायचा.

गाडी सोडून जायची नाही म्हणून दोन्ही ड्रायव्हर गावातच राहिले. भात दाण्यावर आलं तेव्हा पाखरांचे थवे उतरू लागले, आणि ग्वामाका सकाळ-संध्याकाळ ती उडवायला टोळीला हॉर्न वाजवून द्यायचा. त्या बदल्यात सुबिलागा त्याला सुक्या मासळीसोबत न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, पाठवायची. निंदणी वेळेवर झाली होती. नदीच्या या काठावर कोणाला आठवत नव्हतं इतकं भात लोंबलं.

कापणीच्या तोंडावर कायिरा मिनीबसने आले. बांधावर उभे राहून त्यांनी लोंब्यांमधून डोकावणारे दोन टप बघितले.

"मावशी, फारच छान. वरून सारखं विचारतायत. कापणी कधी?"

"या आठवड्यात, साहेब."

"वा. म्हणजे मग लगेच गाड्या काढता येतील."

सुबिलागाने घराच्या मागे बोट दाखवलं. तिथे चांगला रुंद वाफा होता आणि त्यात बोटभर उंचीचं कोवळं, पोपटी रोप दाटीनं उभं होतं.

"कापणी झाली की त्याच दिवशी दुसऱ्या पिकाची लावणी आहे," ती म्हणाली. "बियाणेवाल्यांचंच बी आहे, साहेब."