औषधांच्या रकान्यातले वीस डॉलर

ग्लेंडा पेत्रोस्कीने घरखर्चाचा तो तक्ता रविवारी चर्चहून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरला, आणि खरं सांगायचं तर भरताना तिला बरंच वाटलं. दीड वर्ष बँकांची आणि वसुलीवाल्यांची पत्रं उघडून उघडून आपण बेजबाबदार माणूस आहोत असं तिच्या मनाने घेतलं होतं. या तक्त्यात मात्र दाखवण्यासारखं काहीतरी होतं. दोन माणसांचं महिन्याचं खाणं, दोनशे तीस डॉलर. कपडे, शून्य. करमणूक, शून्य. दात आणि डॉक्टर, शून्य. औषधं, वीस.

ती ईरी शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. रोज चारशे पोरांचं जेवण वाढायचं, त्यामुळे एका बटाट्यात किती जणांचं भागतं हे तिला तोंडपाठ. तिचा नवरा लॉयड सत्तावीस वर्षं प्लास्टिकच्या कारखान्यात होता. आधी त्याच्या हृदयाचे ठोके बिघडले, नऊ दिवस हॉस्पिटलात काढले, आणि तो कामावर परत गेला त्याच हिवाळ्यात कारखाना बंद पडला. पगार गेला, त्याच्याबरोबर चांगला विमाही गेला. घर तापवायची भट्टी बंद पडली ती क्रेडिट कार्डावर बदलली, घरपट्टी कार्डावर भरली, एका कार्डाचा हप्ता दुसऱ्या कार्डातून दिला. आता लॉयड खिळे-स्क्रू विकणाऱ्या एका दुकानात अर्धवेळ उभा राहायचा, आणि दोघांच्या डोक्यावर एक्केचाळीस हजारांचं कर्ज होतं.

दिवाळखोरीचा अर्ज करायचं ग्लेंडानेच ठरवलं. लॉयड फक्त म्हणाला, "कोर्टात माझी किंमत काय लावतात ते तरी कळेल. दुकानात तर ताशी अकरा डॉलर लावतात."

फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांचं ऑफिस एका जुन्या बँकेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. मार्गो टिलरी नावाच्या वकीलबाई तिशीतल्या, सर्दीने बेजार. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. ग्लेंडा शाबासकीची वाट पाहत बसली होती.

"हे सगळं खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"पै न पै."

"मग अडचण आहे."

त्यांनी समजावून सांगितलं. कार्डांचे हप्ते या तक्त्यात धरायचे नसतात, कारण ती कर्जं तर माफच व्हायची आहेत. ते हप्ते काढले की दोघांच्या कमाईतून महिन्याला आठशे नव्वद डॉलर शिल्लक दिसत होते. अर्ज तपासायला कोर्टाने नेमलेला ट्रस्टी हाच तक्ता पाहणार, आणि म्हणणार, आठशे नव्वद उरतात ना, मग पाच वर्षं भरा.

"म्हणजे मी काटकसर केली ही चूक झाली?" ग्लेंडा म्हणाली.

"तुम्ही पोटाला चिमटा काढून बँकांचे हप्ते भरलेत, मिसेस पेत्रोस्की. तो चिमटा या कागदावर दिसत नाही."

"मग काय, खोटं लिहू?"

"एक डॉलरही खोटा नको, याच्यावर शपथेवर सही करायची आहे." वकीलबाईंनी नाक पुसलं. "तुम्ही काय काय सोडून दिलंय ते लिहा. माणसाला जगायला जे लागतं आणि तुम्ही घेत नाही, ते. आणि प्रत्येक गोष्टीचा कागद आणा. दातांच्या डॉक्टरचा अंदाज, छपराच्या दुरुस्तीचा अंदाज, औषधांच्या दुकानातून वर्षभराची यादी."

जाता जाता त्यांनी कार्डांचे हप्ते आजपासून बंद करायला सांगितलं. ग्लेंडाला ते ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण इतके दिवस ज्यासाठी जीव काढला ते एका वाक्यात बंद झालं, याचंच तिला वाईट वाटत राहिलं.

घरी येऊन दोघांनी रकाने पुन्हा लावायला घेतले. लॉयडची दाढ, जी तो वर्षभर डाव्या बाजूने चावून सांभाळत होता. गाडीचे गुळगुळीत झालेले टायर. मागच्या खोलीच्या छपरातून गळणारं पाणी. लॉयड प्रत्येक रकान्यावर काहीतरी बोलून तिला हसवत होता. दाढ म्हणे संग्रहालयाला देऊ. औषधांचा रकाना आला तेव्हा मात्र तो म्हणाला, "ते वीसच राहू दे. एवढा एक रकाना तरी बरा आहे."

रक्त पातळ ठेवायची त्याची गोळी फार महाग होती, हे ग्लेंडाला माहीत होतं. त्यांच्या स्वस्तातल्या विम्यात वर्षाचे पहिले आठ हजार आपल्याच खिशातून जायचे, म्हणजे गोळीचे सगळे पैसे आपलेच. पण नोकरी गेलेल्यांसाठी कंपनीची काही योजना आहे, वीस डॉलरमध्ये मिळते, असं लॉयडनेच हिवाळ्यात सांगितलं होतं. गोळ्या तोच आणायचा. बाटली खिडकीत असायची आणि रोज सकाळी तिच्यासमोर तो एक गोळी पाण्याबरोबर घ्यायचा. ग्लेंडाने दर महिन्याला घरच्या हिशेबाच्या वहीत तो वीसचा आकडा लिहिताना मनात त्याचं कौतुकच केलं होतं.

यादीचा कागद मी आणतो, असंही तो म्हणाला होता. पण औषधांचं दुकान शाळेच्या वाटेवरच होतं, म्हणून बुधवारी काम सुटल्यावर ग्लेंडाच आत गेली. काउंटरवरच्या मुलीने लॉयडची जन्मतारीख विचारली आणि एकच पान छापून दिलं. त्यावर ऑक्टोबरपासून महिन्याला एक नोंद होती, प्रत्येकी पाचशे चाळीस डॉलरची. शेवटची नोंद नऊ जानेवारीची. त्यानंतर पान कोरं होतं. आणि आता पुन्हा ऑक्टोबर चालू होता.

"त्यांनी दुकान बदललं का?" मुलीने सहज विचारलं.

"हो," ग्लेंडा म्हणाली. का म्हणाली, तिलाच कळलं नाही. कागदाची घडी घालून ती गाडीत येऊन बसली.

लॉयड मागच्या अंगणात पानं गोळा करत होता. ग्लेंडा त्याला हाक न मारता आत गेली आणि खिडकीतली बाटली टेबलावर रिकामी केली. त्या साध्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या होत्या, डोकेदुखीला घेतात त्या. प्रत्येकीवर नाव कोरलेलं होतं, कोणालाही वाचता आलं असतं. मग तिने दार उघडून त्याला आत बोलावलं. त्याने टेबलाकडे पाहिलं, हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून बसला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"कागद मिळालाय ना तुला."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"फेब्रुवारी." तो गोळ्या एकेक करून परत बाटलीत टाकायला लागला. "तू बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसायचीस. नळाचा आवाज इतका वेळ का येतो, हे काय मला कळत नाही? मी म्हटलं, पाचशे चाळीस तरी वाचतील. डॉक्टर पूर्वी अ‍ॅस्पिरिनच द्यायचे लोकांना."

"डॉक्टरला विचारलंस?"

"त्याला विचारायचे एकशे ऐंशी डॉलर पडतात, ग्लेंडा."

ती उभीच होती. कोणत्या महिन्यात कोणत्या कार्डाला किती भरले हे तिला पाठ होतं, आणि ते सगळे महिने आता तिच्या डोळ्यांपुढून जात होते. मार्च, एप्रिल, मे. एकही हप्ता चुकवला नव्हता तिने.

"तुझ्या गोळ्यांचे पैसे मी बँकेला दिले," ती म्हणाली.

"पोचले ना वेळेवर? तक्रार नाही ना त्यांची?"

ग्लेंडाला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. कोर्टाच्या फीसाठी डब्यात साठवलेले पैसे काढले, त्याला गाडीत बसवलं आणि दुकान बंद व्हायच्या आत महिन्याच्या गोळ्या घेतल्या. पैसे मोजून घेताना तिथल्या म्हाताऱ्या औषधवाल्याने सांगितलं की, याच्यासाठी एक जुनी गोळी असते, दहा-पंधरा डॉलरची, फक्त वरचेवर रक्त तपासावं लागतं आणि डॉक्टरने लिहून द्यावी लागते. लॉयडने मान डोलावली. डॉक्टरची वेळ एकवीस नोव्हेंबरची मिळाली.

वकीलबाईंच्या पुढच्या भेटीत नवा तक्ता टेबलावर आला. दाढ, टायर, छप्पर आणि औषधांच्या रकान्यात पाचशे चाळीस. शिल्लक अकरा डॉलर. "आता जमलं," वकीलबाई म्हणाल्या. त्या वाईट मनाने म्हणाल्या नव्हत्या, पण तो शब्द ग्लेंडाला लागला. कोर्टाची फी हप्त्याने भरायची सोय झाली आणि चार नोव्हेंबरला अर्ज दाखल झाला. त्या दिवसापासून वसुलीवाल्यांचे फोन थांबले. घरात इतकी शांतता झाली की फोन बिघडलाय का, हे लॉयडने एकदा उचलून पाहिलं.

चौदा तारखेला तो दुकानात एका गिऱ्हाइकासाठी किल्ली कापून देत होता. किल्ली हातातून पडली. ती उचलायला तो वाकला, तो उठलाच नाही. गिऱ्हाइकाला आधी वाटलं, किल्ली सापडत नाहीये.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तीन आठवडे गोळी नीट घेत होता हो, असं ग्लेंडा डॉक्टरला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. डॉक्टर म्हणाला, गाठ आधीची असू शकते, नसूही शकते, आता ते कोणीच सांगू शकणार नाही. हॉस्पिटलात अडल्या-नडलेल्यांची कागदपत्रं करून देणारी एक बाई होती. ती पलंगाशी येऊन बसली, गोळी कोणती ते विचारलं, आणि एक अर्ज भरून ग्लेंडाची सही घेतली. कंपनीची योजना असते, कमाई कमी असेल तर गोळी फुकट घरी पाठवतात, ती म्हणाली. भरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ग्लेंडाने सही केली आणि बाहेरच्या जिन्यात जाऊन बसली. लॉयडने जे खोटं म्हणून सांगितलं होतं ते खरंच होतं. त्याला ते माहीत नव्हतं, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं की त्या योजनेचा कागद कुठे आहे.

ट्रस्टीपुढची तारीख डिसेंबरात होती. खिडक्या नसलेली एक खोली, एक लांब टेबल, आणि मागच्या खुर्च्यांवर आपली पाळी यायची वाट बघत बसलेले आणखी दहा-बारा जण. ट्रस्टी टक्कल पडलेला, सभ्य माणूस होता. शपथेसाठी उजवा हात वर करा, असं त्याने सवयीने सांगितलं. ग्लेंडाचा हात वर गेला. चाकाच्या खुर्चीतल्या लॉयडने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि तो हात मांडीवरून हलला नाही.

"डावा चालेल," ट्रस्टी हळूच म्हणाला.

हे कागद तुम्ही वाचलेत का, सही तुमचीच का, मजकूर खरा का, असे प्रश्न झाले. लॉयडला एकेक 'हो' जुळवायला वेळ लागत होता आणि ट्रस्टीने तो दिला. अर्ज केल्यापासून काही बदललंय का, असं विचारल्यावर ग्लेंडाने सांगितलं, त्याची कमाई गेली. ट्रस्टीने पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"औषधांना पाचशे चाळीस लिहिलेत. खरंच एवढे लागत होते?"

"लागत होते," ग्लेंडा म्हणाली. "आम्ही देत नव्हतो."

ट्रस्टीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग लॉयडकडे. त्याने काहीतरी लिहून घेतलं आणि आणखी काही विचारायचं नाही असं सांगितलं. सहा मिनिटांत सगळं आटोपलं.

बाहेरच्या लांब बोळात ग्लेंडाने पिशवीतून हॉस्पिटलचं बिल काढून वकीलबाईंना दिलं. विम्याने देऊनही त्यांच्या वाट्याला सात हजार नऊशे आले होते. हेही त्या अर्जात घालून टाका, असं ती म्हणाली. वकीलबाईंनी बिलावरची तारीख पाहिली आणि तिच्या दंडाला धरून जरा बाजूला नेलं.

"अर्ज चार तारखेला गेला. चार तारखेपर्यंतचं कर्ज त्यात बसतं. नंतरचं नाही."

"हे दहा दिवसांनी झालं."

"हो."

"आणि पुन्हा अर्ज केला तर?"

"आठ वर्षांनी करता येतो," वकीलबाई म्हणाल्या. "मीच घाई केली. सणाच्या आधी तुमचं व्हावं म्हणून."

त्यांचा दोष नाही, हे ग्लेंडाला कळत होतं. लॉयड खुर्चीत मान वळवून दोघींकडे बघत होता, म्हणून तिने बिल पिशवीत घातलं आणि खुर्ची ढकलायला लागली.

हॉस्पिटलच्या बिल खात्यातल्या माणसाशी बोलून तिने महिन्याला चाळीस डॉलर ठरवले. त्या हिशेबाने साडेसोळा वर्षं. ती त्र्याहत्तर वर्षांची होईल. शनिवारी तिने एका धुलाईच्या दुकानात चादरींच्या घड्या घालायचं काम धरलं. त्या वेळात शेजारची डोरीन येऊन लॉयडजवळ बसायची आणि टीव्हीवरचा खेळ लावून स्वतःच झोपून जायची.

फेब्रुवारीच्या शेवटी कोर्टाचं पत्र आलं. एकच पान होतं. ग्लेंडाने ते लॉयडला मोठ्याने वाचून दाखवलं. एक्केचाळीस हजारांचं कर्ज माफ झालं होतं, यापुढे त्याची वसुली कोणालाही करता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. लॉयड ओठ जुळवत राहिला. ती थांबली. आता ती त्याच्या प्रत्येक शब्दासाठी थांबायची, मग कितीही वेळ लागो.

"झालं?" त्याने शेवटी विचारलं.

"ते झालं," ग्लेंडा म्हणाली.

मग त्याच्या दंडाखाली हात घालून तिने त्याला उठवलं आणि डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे भिंतीच्या आधाराने दारापर्यंत आणि परत चालवायला घेतलं. त्या दिवशी त्याने तीन फेऱ्या केल्या.