घर्डाख नावाचा बाहुला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाहुला आहे. माझ्याकडे नीट पाहिलंत तर तुम्हाला हसूच येईल. गोबरे गाल, बसकं नाक आणि तोंडात एकही दात नाही. बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या काकांनी मला मोडक्या खुर्चीच्या पायातून कोरलं. त्यांच्या खेळाला तेव्हा खलनायक हवा होता, म्हणून मी खलनायक झालो, एवढंच.

काका आमच्या दोऱ्या हलवत आणि काकू सगळ्यांचे आवाज काढत. नव्या बाहुल्याचं नाव ठरवायची त्यांची एक रीत होती. बाहुला दाखवायचाच नाही. काकू पडद्यामागून नुसतं नाव घेत आणि काका पडद्याच्या भोकातून पुढच्या रांगेतली मुलं बघत. माझ्यासाठी काकूंनी आधी 'लोमेल' म्हणून पाहिलं. मुलं आपली खाऊ खात राहिली. 'मिलवान' म्हटल्यावर तर एकाने मोठी जांभई दिली. मग काकूंनी घसा खरवडून म्हटलं, 'घर्डाख!' आणि एका मुलीने पाय पटकन खुर्चीवर ओढून घेतले. झालं, नाव पक्कं झालं.

काय सांगू तुम्हाला त्या दिवसांचं! मी पुढे यायच्या आधीच, नुसत्या नावाने, सगळे चिडीचूप व्हायचे. माझ्या रूपाचं त्यात काही नव्हतं.

मग काकूंची लेक आजारी पडली. ती बरी झाली, पण तिचा घसा बसला तो बसलाच. शब्द खरखरत बाहेर येई. शाळेतल्या मुलांनी माझा खेळ पाहिलेला, मग दुसरं काय होणार? सगळे तिला घर्डाख म्हणू लागले. तिने वर्गात बोलणं सोडलं, मग घरीही. डॉक्टरांनी बजावलं होतं की बोलत राहिली तरच आवाज सुधारेल, नाहीतर आहे तोही जाईल. काकू तिची विनवणी करत. ती नुसती मान हलवी.

एका संध्याकाळी ती माझ्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसली होती. काकू शेजारी कपडे टाचत होत्या. लेक अचानक बोलली.

"आई, ते नाव घेताना तू जसा घसा खरवडतेस ना, तसाच माझा आवाज येतो. मग मुलांचं काय चुकलं?"

काकूंचे हात थांबले.

पुढच्या खेळापासून मी लोमेल झालो. मुलं मला हसू लागली, खेळातली भीतीच गेली, हळूहळू खुर्च्या रिकाम्या पडल्या, आणि मी पेटीत गेलो. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण ते नाव माझ्या अंगावरून उतरलं, तिच्या अंगावरून उतरलेलं नाही. माझी पेटी खिडकीशी आहे. शाळा सुटली की रस्त्यावरून 'घर्डाख' अशी हाक येते आणि तिची पावलं भरभर घरात शिरतात. आज वर्गात काय शिकवलं, असं काकू विचारतात. ती काहीच बोलत नाही.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. मला ते नाव कधी लागलं नाही. तिला लागतं. उद्या ती रस्त्यात दिसली, तर तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा आणि ती ओ देईपर्यंत थांबा. आवाज खरखरीत येईल. येऊ द्या.