हिरव्या दिव्यानंतर

आठवड्याचे तीन दिवस कारखान्यात आणि दोन दिवस कॉलेजात, अशी चिंगीची वाटणी झाली होती. मोटारींचा कारखाना तिला पगार देत होता, फी भरत होता, आणि चार वर्षांनी माहिती तंत्रज्ञानाची पदवी हातात पडणार होती. कारखान्यात तिला सगळे 'शिकाऊ' म्हणत. चिंगी म्हणणारी एकटी तिची मावशी. तिनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं, आणि ती याच कारखान्यात बावीस वर्षं सीट बेल्टचे बोल्ट आवळत होती.

पहिल्या दिवशी लाइन बघितली तेव्हा आमच्या चिंगीबाईसाहेब चाटच पडल्या. दर मिनिटाला एक गाडी समोरून सरकत होती. लाल गाडी येऊन उभी राहते न राहते तोच तिच्याच मापाच्या काळ्या सीटा पलीकडून हजर. कोणी ओरडत नव्हतं, कोणी शोधाशोध करत नव्हतं. "हे यांना कोण सांगतं?" तिने विचारलं. तिच्या विभागाच्या मॅडमनी तिला वर नेलं आणि एका पडद्यासमोर बसवलं. तिथे प्रत्येक गाडीच्या प्रत्येक बोल्टची नोंद होती: आवळायच्या कोणत्या गनने आवळला, किती जोराने, कितव्या सेकंदाला. अशी नऊ वर्षं. घराची किल्ली कुठे ठेवली हे रोज विसरणारी चिंगी त्या पडद्याकडे देवळात उभी असल्यासारखी बघत राहिली.

वर्षाच्या शेवटी मॅडमनी तिला परीक्षेचं काम दिलं. "काही बोल्टांच्या दोन-दोन नोंदी पडल्यात. शेवटची ठेव, बाकीच्या उडव. सोमवारी सगळ्यांसमोर मांडायचं. पुढच्या वर्षाला घ्यायचं की नाही ते त्यावरच ठरेल."

काम सोपं होतं. चिंगीने दोन दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. पण चालवायच्या आधी, निव्वळ भोचकपणा म्हणून, तिने या दुहेरी नोंदी येतात कुठून ते पाहिलं. हजारो नोंदी, आणि झाडून सगळ्या लाइनवरच्या एकाच जागेच्या, एकाच स्टेशनच्या, आणि एकाच पाळीतल्या. पहिली नोंद हिरवी, म्हणजे बोल्ट पास. पाच-सात सेकंदांनी तोच बोल्ट पुन्हा, पुन्हा हिरवा. स्टेशन मावशीचं. पाळीही मावशीची.

चिंगीने पडदा बंद केला.

संध्याकाळी मावशी भाजी चिरत होती. चिंगीने विचारलं आणि सुरी थांबली.

"तुला कुणी सांगितलं?"

"गनने. ती सगळं लिहून ठेवते."

"मेली चुगलखोर," मावशी म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. मग तिने फळीवरची बरणी काढली, झाकण फिरवलं आणि पुढे केली. "घट्ट आहे?"

"आहे."

"डोळे मीट. आता झाकण उघड, आणि परत लाव."

चिंगीने झाकण काढून परत लावलं. या वेळी ते अलगद फिरत गेलं आणि मगच घट्ट झालं. आधीचं तिरकं बसलं होतं. घट्ट मात्र दोन्ही वेळा झालं होतं.

"गनला जोर कळतो. तिरका आवळला तरी जोर लागतोच, मग तिचा दिवा हिरवा होतो. हाताला मात्र कळतं की बोल्ट फार लवकर घट्ट झाला. मग मी तो काढते आणि नवा सरळ लावते."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सांगितलं होतं एकदा. आधीचे साहेब म्हणाले, मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? हिरव्या दिव्यानंतर बोल्टला हात लावायचा नाही, असा नियम आहे. कळलं तर लाइनवरून उचलून पॅकिंगला बसवतील, नाहीतर घरी. दोन वर्षं राहिलीत माझी, चिंगे." मावशीने पुन्हा सुरी हातात घेतली. "तुला उडवायलाच सांगितलंय ना? मग उडव की."

चिंगीला त्या रात्री धड जेवण गेलं नाही. नऊ वर्षं, दर मिनिटाला एक गाडी, आणि या बाईने त्यातून सेकंद वाचवून वाचवून कुणाच्याही नकळत बोल्ट बदलले होते. ज्या मशीनपुढे ती हात जोडत होती, त्याच्याहून थोर वस्तू घरात बसून भाजी चिरत होती, आणि तिला आजवर त्याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम तयार होता. एक बटण दाबलं की मावशी सुटली आणि चिंगीही पास. बोट बटणावर गेलं, आणि तिथेच तिच्या मनात आलं: दुसऱ्या पाळीत तिरके बोल्ट लागत नसतील?

शेवटच्या तपासणीत एक यंत्र सीट बेल्ट जोरात ओढून बघतं. त्या नोंदी तिने काढल्या. मावशीच्या पाळीत एकही बेल्ट सुटला नव्हता. दुसऱ्या पाळीत वर्षभरात अकरा. प्रत्येक वेळी कुणीतरी तो बोल्ट तिथेच साध्या पान्याने बदलून गाडी पुढे सोडली होती, आणि अकराही बोल्टांची नोंद एकुलती एक, छान हिरवी होती.

दुपारी कॅन्टीनमध्ये तिने मावशीला सगळं सांगितलं.

"अकराच? मग फार नाहीत," मावशी म्हणाली.

"मावशी, पन्नासातली एकच गाडी ओढून बघतात."

मावशीने चमचा खाली ठेवला. "आणि बाकीच्या?"

"रस्त्यावर आहेत."

मावशीने ताट बाजूला सारलं. चिंगीला वाटलं, आता ही रडणार.

"सगळं दाखव," मावशी म्हणाली. "माझ्या स्टेशनसकट."

"तुला काढतील गं!"

"काढू देत. त्या गाड्यांत माणसं बसलीत. तू दाखव."

सोमवारी चिंगी उभी राहिली तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. "दिलेलं काम मी केलेलं नाही," ती म्हणाली. "एकही नोंद उडवली नाही. का, ते बघा." दहाव्या मिनिटाला लाइनचे साहेब खुर्चीवरून उठले आणि त्यांनी फोन उचलला. लाइन थांबली. बावीस वर्षांत मावशीने त्या इमारतीत अशी शांतता ऐकली नव्हती. दुसऱ्या पाळीच्या सगळ्या गाड्या परत बोलवायचा हुकूम तासाभरात सुटला. मॅडम चिंगीजवळ आल्या, तिच्या प्रोग्रॅमची फाइल त्यांनी स्वतः बंद केली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझ्याच शेजारी बस."

मग साहेबांनी मावशीला वर बोलावलं. ती हात पुसत आली. चिंगी भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुमच्यामुळे आज किती जीव वाचले असतील, देव जाणे," साहेब म्हणाले. "नियम मी आजच बदलतो. पण बाई, काल तो होता, आणि तुम्ही तो मोडलात. मला लेखी ताकीद द्यावी लागेल. त्यापुढे काही होणार नाही, नोकरीला धक्का नाही."

"द्या की," मावशी म्हणाली.

साहेब लिहू लागले. "हिरव्या दिव्यानंतर बोल्ट काढला... किती वेळा?"

मावशी ओशाळली. "असतील, दोन-तीनशे."

साहेबांनी चिंगीकडे पाहिलं.

"चार हजार तीनशे बारा," चिंगी म्हणाली.

साहेबांनी आकडा लिहिला, मग अक्षरांतही लिहिला आणि कागद पुढे सरकवला. मावशीने चष्मा लावला. तो आकडा तिने एकदा वाचला, मग बोट ठेवून पुन्हा वाचला. सही केली, ती नेहमीसारखी घाईची नाही, पूर्ण नावाची.

"साहेब," ती म्हणाली, "याची एक प्रत मला मिळेल का?"