आईंसाठी उंच केलेली गाडी

आमच्या आईंचं काहीतरी बिनसलंय, हा संशय मला पहिल्यांदा आला तो गाडीच्या वळणांवर. सरळ रस्त्यावर बाई शांत. मी स्टिअरिंग वळवायला घेतलं, की ह्यांनी खिडकीबाहेर बघून खणखणीत आवाजात दुकानांच्या पाट्या वाचायला सुरुवात केलीच. "चाव्या बनवून मिळतील! जुन्या गाद्या विकत घेतल्या जातील! कवळी करून मिळेल!" वळण संपलं की पुन्हा गप्प.

"अहो आई, मलाही वाचता येतं," मी एकदा करवादले. माझं तोंड फटकळच आहे, घरात सगळ्यांना त्याची सवय झालीये. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नुसत्या हसल्या आणि पुढच्या वळणावर आणखी मोठ्यानं वाचू लागल्या. मी मनात म्हटलं, वय झालं, दुसरं काय.

ह्या आधी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. खाली वाकून बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरात आम्ही खुर्चीखाली, पलंगाखाली ठोकळे घातले, पण आमची गाडी पडली बसकी. तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवरच बसायचं. त्यामुळे आईंचं बाहेर जाणं बंद. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण राहते. मावशी अंथरुणाला खिळलेल्या, फोनवर त्यांना धड ऐकू येत नाही. दोघी बहिणी दर आठवड्याला एकमेकींची वेणी घालायच्या, अगदी परकराच्या वयापासून. तेही बंद पडलं. आई दिवसभर खिडकीत बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "माझं काय मेलं, मजेत आहे की मी." ते ऐकलं की मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडी आपटते.

माझे धाकटे दीर गाड्या दुरुस्त करतात. एक दिवस ते टेप घेऊन आले, आईंना उभं करून टाचेपासून मांडीपर्यंत मोजलं, मग गाडीची सीट मोजली आणि म्हणाले, "वहिनी, आईला वाकायला नको ना? मग गाडीच उंच करू."

त्यांनी चारही चाकांवर लांब शॉकॲब्सॉर्बर बसवले. गाडी अशी ताठ उभी राहिली, की शेजारचे बघायला आले. आई नुसत्या सीटवर टेकल्या, पाय आत घेतले, आणि बसल्या! भाऊजींचे पाय धरायचे तेवढे मी बाकी ठेवले होते. त्या दिवसापासून वेणी पुन्हा सुरू झाली, आणि थोड्या दिवसांनी ह्या पाट्याही.

मग परवा ते घडलं. मावशींच्या फाटकाशी चढ आहे आणि कडेला गटार. वळताना माझं पुढचं चाक गटारात लोंबकळलं. खाड्‌कन आवाज आला. गिअर पडत होता, इंजिन बोंबलत होतं, गाडी मात्र ढिम्म. मी आईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक.

"लागलं का कुठे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मी फोन केल्यावर भाऊजी आले, रस्त्यावर आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा हात काळे होते. चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे ग्रीस उडालेलं. "इंजिन ज्या दांड्यानं चाक फिरवतं, तो शाफ्ट जागेवरून निसटलाय," ते म्हणाले. "गाडी उंच केल्यावर चाकं खाली गेली, इंजिन वरच राहिलं. त्यामुळे मधला शाफ्ट तिरका झाला. मनगट वाकवून स्क्रू पिळून बघा, कसं अवघडतं ते. तसाच फिरून फिरून सांधा झिजला, वरचं रबर फाटलं. आज चाक लोंबकळलं आणि आतलं टोक सुटलंच. पण वहिनी, आधी वळताना कटकट असा आवाज येत नव्हता?"

"छे! माझे कान शाबूत आहेत. काही येत नव्हता."

"येत होता," आई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. फाटकाचा गज धरून त्या उभ्या होत्या.

"माझ्या पायाखालीच यायचा. तुला ऐकू जाऊ नये म्हणून तर मी बोंबलत होते. तू ऐकलं असतंस, तर ह्याला सांगितलं असतंस. ह्यानं गाडी पुन्हा खाली केली असती. मग मी पुन्हा त्या खिडकीत."

मी भडकले. "अहो, भर रस्त्यात बंद पडली असती म्हणजे? मागून ट्रक आला असता म्हणजे?" आणि बोलता बोलताच मला रडू फुटलं. मी गाडी शिकत होते तेव्हा शेजारी बसायला माझा सख्खा नवरा तयार नव्हता. ह्या बसल्या होत्या. डोळे गच्च मिटून, "छान चालवतेस गं" म्हणत. अशा बाईला स्वतःसाठी एवढंसं मागायची चोरी वाटावी, ह्याचा मला राग आला होता. ट्रकचं निमित्त.

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "चूक माझीच. शाफ्ट तिरका चालणार हे दिसत होतं. पण त्याच आठवड्यात तुला मावशीकडे न्यायची घाई झाली होती मला."

"अरे, तू घाई केलीस म्हणून तर भेटले मी तिला," आई म्हणाल्या, आणि भाऊजींचा ग्रीसचा हात त्यांनी तसाच आपल्या गालाला लावला.

आता गाडी दुरुस्त झालीये. भाऊजींनी थोडे कमी लांबीचे शॉकॲब्सॉर्बर घातले, इंजिन ज्या चौकटीवर बसतं तीही मध्ये ठोकळे घालून खाली घेतली, नवे शाफ्ट टाकले. उंची जरा कमी झाली, तेवढी मी घट्ट उशी शिवून भरून काढली. आज आई पहिल्यांदा बसायला आल्या तेव्हा माझा जीव टांगणीला. त्या सीटवर टेकल्या, पाय आत घेतले.

"बसले गं बाई."

भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू, असं मी मोठ्यानं म्हणाले. "पुढच्या वेळी कान देऊन चालवा, फिटले," म्हणून ते हसत आत पळाले.

पहिलं वळण आलं. मी स्टिअरिंग वळवलं आणि कान टवकारले. काही नाही. गाडी गुपचूप वळली. आईही गप्प.

"काय हो, आज पाटी नाही?"

त्या काच खाली करून बाहेर बघत होत्या.

"ह्या रस्त्याला एवढी झाडं आहेत होय गं?" त्या म्हणाल्या. "मला मेलीला दिसलीच नव्हती."

मी गाडी हळू केली. मागचा हॉर्न वाजवत होता, त्याला वाजवू दिला.