नीळकंठराव पडायला शिकले

नीळकंठराव आष्टीकर अकरा सेकंदांत हरले.

हे वाचलंत ते तूर्त विसरून जा. अजून काहीच झालेलं नाही. नीळकंठराव हिंदी मुलखातल्या एका शहरात, नेहरू नगरातल्या आपल्या घरी कानाला फोन लावून उभे आहेत आणि गॅसवर दूध आहे.

"बाबा, पॅकर्सवाल्याशी बोललेय मी," पुण्याहून प्राजक्ता म्हणाली.

"कशाचे पॅकर्स?"

"तुमचे. इकडे यायचंय तुम्हाला."

"मी काय शोकेस आहे का गं?"

"त्रेसष्टचे आहात. एकटे राहता. आई बाथरूममध्ये पडली तेव्हा निदान तुम्ही घरात होतात. उद्या तुम्ही पडलात तर घरात कोण आहे?"

याला उत्तर नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मंगलाताई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत. पण नीळकंठरावांनी अडतीस वर्षं सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढली होती. उत्तर नसलं की काय करायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मुदत मागितली.

"तीन महिने दे. मी मार्शल आर्ट शिकतो."

"पडण्याचा आणि मार्शल आर्टचा काय संबंध?"

"तो अभ्यासाचा विषय आहे," नीळकंठराव म्हणाले. एवढ्यात दूध उतू गेलं, आणि मुदत मंजूर झाली असं त्यांनी धरलं.

निवड रीतसर झाली. घरातला पंखा, स्कूटर आणि प्रेशर कुकर त्यांनी एकाच निकषावर घेतले होते, सगळ्यात जास्त लोकांकडे आहे ते. म्हणून जगात सगळ्यात जास्त लोक कोणती मारामारी शिकतात, हे त्यांनी आधी इंटरनेटवर पाहिलं. कराटेवाले म्हणाले, आमचे कोट्यवधी. तायक्वांदोवाले म्हणाले, आमचेही. ज्युदोवाल्यांनी मागे राहायचं कारण नव्हतं. सगळे आकडे खरे मानले तर रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस कुणाला तरी लाथ मारताना दिसायला हवा होता. नीळकंठरावांनी बाल्कनीत उभं राहून अर्धा तास पाहणी केली. तसं काही आढळलं नाही.

मग त्यांनी तीन कोटेशन मागवली. स्वतः जाऊन, कागदावर, शिक्क्यासह. तुलनात्मक तक्त्यात एकच प्रश्न महत्त्वाचा होता: पहिल्या दिवशी काय शिकवता?

"मुक्का," कराटेचे सर म्हणाले.

"किक, अंकल," तायक्वांदोच्या मॅडम म्हणाल्या.

अशोका गार्डनमध्ये ज्युदो शिकवणारे नफीस सर चहा पीत होते. त्यांनी पेला खालीसुद्धा ठेवला नाही. "गिरना," ते म्हणाले. "पहला महीना सिर्फ़ गिरना."

"और उसके बाद?"

"उसके बाद दूसरे लोग आपको गिराएँगे."

इतकं मुद्देसूद कोटेशन नीळकंठरावांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

पडायचं शास्त्र सोपं आहे. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, जमीन येताच सबंध हात मॅटवर सपकन आपटायचा, म्हणजे दणका हातावर जातो आणि हाडं वाचतात. अडचण एवढीच की नीळकंठराव पडताना जे सापडेल ते धरत. सरांची बाही, खिडकीचे गज, एकदा तर पाणी प्यायला निघालेला एक निरपराध माणूस.

"अंकल, छोड़ दो!" नफीस सर ओरडत. "कुर्सी नहीं है ये, छोड़ दो!"

दुसऱ्या महिन्यात त्यांनी सोडलं. निवृत्तीनंतर एक वर्षाने, पण सोडलं.

मुदत संपली त्या शनिवारी प्राजक्ता आली. बाबांनी तिला सोफ्यावर बसवलं आणि सतरंजीवर एकदा मागे, एकदा डावीकडे असे दोनदा पडून दाखवलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. ते उठून उभे राहिले, शर्ट झटकला आणि अभिप्रायाची वाट पाहू लागले.

"छान," प्राजक्ता म्हणाली. "पण तुम्ही ठरवून पडलात, बाबा. आई ठरवून नव्हती पडली."

नीळकंठरावांनी सतरंजीची सुरकुती पायाने सारखी केली. मुद्दा बिनतोड होता.

"उद्या स्पर्धा आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षांवरचा गट. तिथे विचारून पाडत नाहीत. स्वतःहून उठलो तर पॅकर्स रद्द?"

"आणि नाही उठलात तर?"

"तर सामान आधीच आडवं असेल. उचलायला सोपं."

ती हसली नाही. पण "ठीक आहे" म्हणाली.

चाळीस वर्षांवरच्या गटात एकूण दोन नावं होती, म्हणून तो थेट अंतिम सामना होता. समोर अमित, वय एक्केचाळीस, वीज कार्यालयातला लाइनमन, मान नसलेला.

"अंकल, मैं आराम से करूँगा," तो कानाशी पुटपुटला.

"ख़बरदार! पूरे ज़ोर से. मेरी बेटी देख रही है."

अमितने सबंध कारकिर्दीत अशी विनंती ऐकली नव्हती, पण मुलगा आज्ञाधारक होता. आठव्या सेकंदाला त्याने बाही धरली. नवव्याला कंबर आत घातली. दहाव्याला नीळकंठरावांना हॉलचं छत दिसलं आणि प्राजक्ता खुर्चीतून उठलेली दिसली. त्यांनी काहीही धरलं नाही.

हात मॅटवर असा आपटला की शेजारच्या मॅटवरचा सामना थांबला. पंचांनी हात वर केला: पाठ टेकली, अकराव्या सेकंदाला सामना संपला. दोन स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन धावले. पडल्या पडल्याच नीळकंठरावांनी त्यांना एक बोट दाखवलं, कार्यालयात दार ढकलून आत येणाऱ्याला दाखवत तसं. थांबा. मग ते कुशीवर वळले. एक गुडघा टेकला. गुडघ्यावर हात ठेवला. आणि उभे राहिले. पट्टा घट्ट केला, अमितला वाकून नमस्कार केला आणि चालत मॅटबाहेर आले.

प्राजक्ता दाराशी, पाठ करून, फोनवर होती. "हो, आष्टीकरच. नाही, पुढची तारीख नको. रद्दच करा." तिने नाक ओढलं, डोळे पुसले, मग वळून बाबांची कॉलर सरळ केली.

"बाथरूममध्ये धरायला दांडा बसवणार आहे मी. चर्चा नाही."

"मंजूर," नीळकंठराव म्हणाले.

भिंतीवर निकालपत्रक लागलं होतं. त्यात आपल्या नावापुढचा शब्द त्यांनी चष्मा लावून वाचला, आयोजकांकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच, घामेजल्या डगल्यात, अर्ज लिहायला बसले. अर्ज हिंदीत होता. त्याचा मराठी मजकूर असा:

"महोदय, अर्जदाराच्या नावापुढे 'पराभूत' अशी नोंद आढळते. वस्तुस्थिती अशी की अर्जदार पडला, कुणाचीही मदत न घेता उठला आणि आपल्या पायांनी बाहेर आला. सबब विनंती की निकालपत्रकात विजयी, पराभूत व अनुपस्थित यांखेरीज 'उठले' असा चौथा रकाना उघडण्यात यावा, अर्जदाराचे नाव त्यात वर्ग करण्यात यावे आणि हीच सुधारणा जगातील सर्व देशांत लागू करण्याचा प्रस्ताव आपल्या स्तरावरून पाठवण्यात यावा. उत्तर नेहरू नगरच्या पत्त्यावर पाठवावे. अर्जदार तिथेच राहणार आहे."