कात्रीचे तीन ठोके

सरकारी व्हॅनच्या ड्रायव्हरला सगळे हॉर्नवाला म्हणत, कारण रस्ता मोकळा असला तरी त्याचा हात भोंग्यावरच. त्याचं एक ठाम मत होतं : कारखान्यात राबणारी पोरं सोडवायला धाड घालायची तर माणसं दणकट हवीत. आणि पथकाच्या साहेबांनी आज पुढच्या सीटवर बसवलं कोणाला? तर टाकेताईंना! काटकुळ्या, चाळिशीच्या, बोटं वाकडी. लहानपणी सहा वर्षं भरतकामाच्या कारखान्यात कोंडून ठेवलं होतं म्हणे त्यांना. वाईट वाटतं हो, पण धाडीत त्यांचा काय उपयोग?

वाटेत साहेबांनी कागद कापायला कात्री मागितली, तर ताई चटकन म्हणाल्या, "मी कात्रीला हात लावत नाही. दोरासुद्धा दातानं तोडते." हॉर्नवाला गालातल्या गालात हसला. एकेकाची तऱ्हा!

या कारखान्यावरची ही तिसरी धाड. दोनदा हात हलवत परत यावं लागलं होतं. आत बारा पोरं आहेत, ही खबर पक्की होती. आज सापडली नाहीत तर मालक उद्याच त्यांना परगावी हलवणार. मग कुठली पोरं नि कुठलं काय!

लांबलचक खोलीत लाकडी चौकटींवर कापड ताणलेलं, त्यावर मणी नि टिकल्या, आणि चौकटींपाशी बायका. "बघा साहेब, सगळ्या मोठ्या बाया," मालक साळसूदपणे म्हणाला. साहेबांनी माळा पाहिला, कपाटं उघडली. हॉर्नवाल्यानं छतापर्यंत रचलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बुक्के मारून पाहिले. काही नाही.

"चला," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

ताई हलल्या नाहीत. "साहेब, या बायकांचे गुडघे बघा. चौकटी जमिनीपासून वीतभर वर. पाय आत मावत नाहीयेत त्यांचे. आपल्यासाठी बसवल्यात आज."

"अहो बाई, गुडघे म्हणजे काय पुरावा झाला?" मालक हसला.

ताईंनी चौकटीवरची कात्री उचलली. "तपासणी आली की पोरांनी लपायचं," त्या साहेबांना म्हणाल्या, "आणि गेली की मालक चौकटीच्या दांड्यावर कात्री आपटतो. तीनदा. तिसऱ्या ठोक्याला जो जागेवर नसेल त्याची धडगत नाही. या धंद्यात सगळीकडे हेच."

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. "ठेवा ती खाली!" म्हणत तो धावला. हॉर्नवाला मध्ये उभा राहिला. दणकट माणसाचा तेवढाच उपयोग झाला.

ठक. ठक. ठक.

क्षणभर काहीच नाही. मग खालचा एक गठ्ठा आतून सरकला आणि फटीतून पोरं बाहेर आली. रडली नाहीत, पळाली नाहीत, कोणाकडे पाहिलंही नाही. धावत येऊन चौकटींपाशी बसली नि सुया उचलून मणी ओवायला लागली. त्यांचे गुडघे बरोबर आत मावत होते.

 हॉर्नवाल्यानं ताईंकडे पाहिलं. त्या चौकटीशी खाली बसल्या होत्या. ठोके स्वतःच वाजवले, तरी इतक्या वर्षांनी पाय आपोआप वाकले होते. आणि असं होणार हे ठाऊक असून या बाईनं कात्री उचलली? बाप रे, काय छाती! त्याला स्वतःच्या मघाच्या हसण्याची लाज वाटली.

"अकराच आहेत," साहेब मोजून म्हणाले.

"सगळ्यात लहान आत असेल." ताई उठल्या. "लपायला मिळालं की झोपायला मिळतं."

फट एवढीशी होती. हॉर्नवाल्याचा खांदाही जाईना. काटकुळ्या ताई सरपटत शिरल्या नि एका मुलीला घेऊन बाहेर आल्या.

"बाळ, नाव काय तुझं?" साहेबांनी विचारलं.

मुलगी दचकून जागी झाली. "अठरा," ती म्हणाली. कोणी काहीही विचारलं तरी हेच सांगायचं, असं पढवलेलं. पुढचे दोन दात अजून यायचे होते.

"मीपण तेव्हा अठराचीच होते गं," ताई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "झोप. आता ठोका नाही व्हायचा."

बाराही पोरं व्हॅनमध्ये बसली. धाकटी पुढच्या सीटवर, ताईंच्या मांडीवर गाढ झोपलेली. भर बाजारातून, हातगाड्या नि गर्दीतून रस्ता काढत हॉर्नवाल्यानं गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला नेली, आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही.